तोंडातला जिवाणू, पोटातले बाळ

गरोदरपणात हिरड्यांतून रक्त आले, तर आपल्याकडे ते फारसे कुणी मनावर घेत नाही. ब्रश लालसर झाला, चूळ भरताना पाण्यात रक्त दिसले, की घरातली एखादी जाणती बाई ‘उष्णता झाली असेल’ म्हणते आणि गुलकंद किंवा सब्जाचे पाणी सुचवते. तपासणीला गेल्यावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके हे सगळे पाहिले जाते. हिरड्या पाहायच्या राहून जातात. दातांचे डॉक्टर वेगळे आणि बाळंतपणाचे डॉक्टर वेगळे, अशी वाटणी रुग्णांच्या मनात असते तशी डॉक्टरांच्याही मनात असते.

जिवाणू ही वाटणी पाळत नाहीत. तोंडातला एक जिवाणू रक्तातून गर्भाशयापर्यंत कसा पोहोचतो, हे ज्यांनी एकेक पायरी तपासून दाखवले त्यांत अमेरिकेतील शास्त्रज्ञ डॉ. यिपिंग हान यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. रेणवीय जीवशास्त्राच्या पद्धती त्यांनी तोंडातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाला लावल्या आणि वीसहून अधिक वर्षे मुख्यतः एकाच जिवाणूचा माग काढला. आधी ओहायो राज्यातील क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हे काम झाले. त्या जिवाणूचे नाव फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. लेखात पुढे त्याला नुसते ‘फ्युझोबॅक्टेरियम’ म्हणू.

बदनाम झालेली एक कल्पना

दातांवरच्या थरात सजीव असतात, हे १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकने स्वतःच्या दातांवरचा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. पुढे दोनशे वर्षांनी विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचे त्याचे पुस्तक १८९० मध्ये निघाले. तोंडातला संसर्ग शरीरात इतरत्र आजार निर्माण करू शकतो, असे त्याने मांडले.

कल्पना चुकीची नव्हती, पण तिचा अतिरेक झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशाचेही मूळ दातांत शोधले जाऊ लागले आणि असंख्य रुग्णांचे दात विनाकारण उपटले गेले. दात गेले तरी आजार बरे झाले नाहीत. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तोंडाचा संबंध तोंडापुरताच, असे मानले जाऊ लागले.

त्यामुळे पुढे ज्या कुणाला हा विषय पुन्हा हाती घ्यायचा होता, त्याला नुसता अंदाज सांगून चालणार नव्हते. कोणता जिवाणू, कोणत्या वाटेने, कोणत्या रेणूच्या मदतीने कुठे पोहोचतो आणि तिथे काय करतो, हे सगळे दाखवावे लागणार होते. हान यांच्या कामाचे मोल या शिस्तीत आहे.

दोन्ही टोकांना निमुळता

माणसांच्या तोंडात मिळून सुमारे ७०० जातींचे जिवाणू आढळतात. फ्युझोबॅक्टेरियम हा त्यातला एक. सूक्ष्मदर्शकाखाली तो लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसतो, चरख्याच्या चातीसारखा. नावही त्यावरूनच पडले आहे. त्याला प्राणवायू मानवत नाही, म्हणून दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत तो सुखाने राहतो. निरोगी माणसाच्या तोंडातही तो असतो. हिरड्या सुजल्या की त्याची संख्या वाढते.

त्याचा खास गुण म्हणजे चिकटणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पॉल कोलेनब्रँडर यांनी तोंडातले जिवाणू एकमेकांना कसे धरतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला. दात घासल्यानंतर पृष्ठभागावर आधी काही साधे जिवाणू बसतात. हिरड्यांचा गंभीर आजार करणारे जिवाणू मागाहून येतात, पण त्यांना पहिल्यांना सहज धरता येत नाही. फ्युझोबॅक्टेरियम दोघांनाही चिकटतो आणि मधला पूल बनतो. दातांवरचा थर घट्ट आणि दाट होतो तो या पुलाच्या आधाराने.

जो जिवाणू इतर जिवाणूंना इतका सहज चिकटतो, तो माणसाच्या पेशींनाही चिकटत असेल का? हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून उत्तर आले, की तो तोंडाच्या अस्तरातील पेशींना चिकटतोच, शिवाय त्यांच्या आतही शिरतो. पुढचे सगळे संशोधन या एका निरीक्षणातून फुटले.

उंदराच्या शेपटीपासून वारेपर्यंत

अपुऱ्या दिवसांची प्रसूती हा जगभरातला मोठा प्रश्न आहे. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली होती. यामागची कारणे अनेक असतात आणि गर्भाशयातला संसर्ग हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण. वेळेआधी कळा सुरू झालेल्या स्त्रियांचे गर्भजल तपासले, तेव्हा त्यात अनेकदा फ्युझोबॅक्टेरियम सापडत असे. गर्भाशयात जिवाणू येतात ते योनीमार्गातून वर चढून, अशी वैद्यकशास्त्राची रूढ समजूत. पण फ्युझोबॅक्टेरियमचे नेहमीचे घर तोंड आहे. मग तो तिथे पोहोचला कसा?

हान यांच्या गटाने गाभण उंदरांच्या शेपटीतल्या शिरेतून हा जिवाणू रक्तात सोडला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. पिल्ले वेळेआधी जन्मली, काही मेलेली जन्मली, काही जन्मून लगेच दगावली. विशेष म्हणजे जिवाणू सगळ्या शरीरभर पसरला नव्हता. यकृत, प्लीहा यांसारख्या अवयवांतून तो लवकरच नाहीसा झाला. गर्भाशयात, वारेच्या परिसरात मात्र तो टिकला आणि वाढला. गर्भावस्थेत आईचे शरीर बाळाला परके मानून हल्ला करू नये, म्हणून तिथली प्रतिकारशक्ती काहीशी सौम्य झालेली असते. जिवाणूला आसरा मिळतो तो तिथेच. आधी तो तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दिसला, मग बाहेरच्या ऊतींत आणि शेवटी गर्भजलात.

पिल्ले दगावण्याला नुसती जिवाणूंची संख्या कारण नव्हती. २००७ मध्ये याच गटाने दाखवले, की शरीराची जिवाणू ओळखणारी एक यंत्रणा चेतवली जाऊन वारेत जो दाह होतो, त्याने गर्भाचे नुकसान होते. ती यंत्रणा औषधाने रोखली, तेव्हा उंदरांतले गर्भमृत्यू कमी झाले. पुढे २०१९ मध्ये ओमेगा-३ स्निग्धाम्लांनीही उंदरांच्या वारेतला दाह कमी होतो असे त्यांना आढळले.

पण उंदीर म्हणजे बाई नव्हे. प्रयोगात जिवाणू मुद्दाम रक्तात सोडला होता. माणसांत हे आपोआप घडते का, हा प्रश्न शिल्लक होता. २००६ मध्ये हान यांच्या गटाने एका अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीतले गर्भजल तपासले. नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या एका वेगळ्याच जिवाणूची जनुकीय खूण त्यात मिळाली. तीच खूण आईच्या तोंडात होती, योनीमार्गात नव्हती. जिवाणू वाढवता येत नसला तरी त्याच्या डीएनएवरून त्याला ओळखता येते, हे या शाखेचे सामर्थ्य.

२०१० मध्ये प्रसूतिशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात त्यांनी एक दुर्दैवी घटना नोंदवली. गरोदरपणात हिरड्या सुजलेल्या एका स्त्रीला दिवस भरत आले असताना सर्दी-खोकल्यासारखा श्वसनमार्गाचा संसर्ग झाला. काही दिवसांतच बाळ पोटात गेले. वारेत आणि बाळाच्या शरीरात फ्युझोबॅक्टेरियम सापडला. हान यांनी आईच्या शरीरातल्या वेगवेगळ्या जागांचे नमुने घेऊन जुळवून पाहिले. अगदी तोच वाण हिरडीच्या खालच्या थरात मिळाला. हिरडीच्या वरच्या थरात, योनीमार्गात किंवा गुदमार्गात तो नव्हता. हिरडीतून तो रक्तात गेला असावा आणि श्वसनमार्गाच्या संसर्गाने आईची प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने गर्भाशयात रुजला असावा, असा निष्कर्ष काढताना संशोधकांनी शब्द जपून वापरले.

एका प्रथिनाची किल्ली

जिवाणू वाट काढतो, पण कशाच्या जोरावर? २००५ मध्ये हान यांच्या गटाने फ्युझोबॅक्टेरियमच्या पृष्ठभागावरचे एक छोटे प्रथिन वेगळे करून त्याचे वर्णन केले. त्याला नाव दिले फॅड-ए. जिवाणूतून त्याचे जनुक काढून टाकले, तेव्हा पेशींना चिकटण्याची त्याची क्षमता खूप घटली. उंदरांच्या वारेत वस्ती करणेही त्याला जड गेले. एखाद्या जनुकावर संशय असेल तर ते काढून काय बिघडते ते पाहायचे, परत घालून काय सुधारते ते पाहायचे, ही रेणवीय जीवशास्त्राची ओळखीची रीत.

रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी एकमेकींना काही प्रथिनांनी घट्ट धरून असतात, भिंतीतल्या विटांमध्ये सिमेंट असावे तशा. २०११ मध्ये दिसून आले, की फॅड-ए या सिमेंटलाच जाऊन चिकटते आणि सांधे ढिले करते. फट पडली की फ्युझोबॅक्टेरियम आत जातोच, पण शेजारी असलेला दुसरा जिवाणूही त्याच फटीतून आत जाऊ शकतो. दातांवर इतरांसाठी पूल बांधणारा हा जिवाणू रक्तवाहिनीत इतरांसाठी दारही उघडतो.

वाट मोठ्या आतड्याकडे

२०१२ मध्ये या गोष्टीला अनपेक्षित वळण मिळाले. कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींचा जनुकीय अभ्यास स्वतंत्रपणे केला आणि दोघांनाही शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा गाठीत फ्युझोबॅक्टेरियम अधिक सापडला. जो जिवाणू आतापर्यंत दंतवैद्यकाच्या कोपऱ्यात होता, त्याच्याकडे कर्करोगतज्ज्ञांचे लक्ष गेले.

तो गाठीचे कारण आहे, की गाठ तयार झाल्यावर आयत्या बिळावर बसलेला नागोबा? हान यांच्याकडे फॅड-ए ची किल्ली तयार होती. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की हे प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते आणि पेशींच्या वाढीचा संदेश चेतवते. कर्करोगाच्या किंवा कर्करोगाआधीच्या गाठी असलेल्या रुग्णांच्या आतड्यातल्या ऊतीत फॅड-ए जनुकाचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या तुलनेत १० ते १०० पटींनी जास्त होते. २०१९ मध्ये पुढची कडी सापडली. वाढत्या कर्करोगपेशींत अॅनेक्सिन-ए१ नावाचे प्रथिन असते आणि त्यामुळे फ्युझोबॅक्टेरियमचा परिणाम त्यांच्यावर अधिक होतो. कर्करोग सुरू करण्यापेक्षा सुरू झालेल्या कर्करोगाला खतपाणी घालणे, असे त्याचे काम असावे, याकडे हे निष्कर्ष बोट दाखवतात.

जपानमधल्या अभ्यासात काही रुग्णांच्या लाळेतला आणि गाठीतला फ्युझोबॅक्टेरियम एकाच वाणाचा निघाला. २०२४ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी दाखवले, की सगळे फ्युझोबॅक्टेरियम सारखे नसतात. त्यांची एक विशिष्ट शाखा गाठींमध्ये प्रामुख्याने आढळते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. अमित दत्त यांच्या गटाने जिभेच्या कर्करोगाचा अभ्यास केला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, एचपीव्ही विषाणूचा संबंध नसलेल्या गाठींत या जिवाणूचा संबंध दाहाशी आणि रुग्ण कमी काळ जगण्याशी आढळला. हा अभ्यास २०२२ चा. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे ओझे वाहणाऱ्या आपल्या देशाला हा धागा जवळचा आहे.

दात साफ केले की झाले?

इतके वाचल्यावर कुणालाही वाटेल, की गरोदर स्त्रियांच्या हिरड्यांवर उपचार करा, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती टळतील. शास्त्रज्ञांनाही तसे वाटले होते. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतल्या एका चाचणीत हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गरोदर स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांचे स्केलिंग व हिरड्यांचे उपचार २१ आठवड्यांआधी केले आणि उरलेल्यांचे बाळंतपणानंतर. २००६ मध्ये निकाल आला. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती उपचार घेतलेल्या गटात १२ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.८ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. सुमारे १,८०० स्त्रियांवरच्या दुसऱ्या चाचणीतही फायदा दिसला नाही.

याचा अर्थ प्रयोगशाळेतले काम खोटे ठरले, असा नाही. जिवाणू त्या वाटेने जाऊ शकतो आणि काही वेळा जातो, हे एक सत्य. प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमागे तोच नसतो, हे दुसरे. गर्भ राहून काही महिने झाल्यावर दिलेले उपचार कदाचित उशिरा पडत असतील. आफ्रिकेतल्या मलावी देशात सुमारे १० हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथे गर्भधारणेआधी किंवा सुरुवातीच्या महिन्यांपासून झायलिटॉल असलेले च्युइंगम चघळणाऱ्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती १२.६ टक्के होत्या, च्युइंगम न मिळालेल्यांत १६.५ टक्के. निकाल आशा वाढवणारा आहे. पण एका देशातल्या एका अभ्यासावरून सगळ्यांना च्युइंगमची चिठ्ठी लिहून देता येत नाही.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बाळ लवकर जन्मले किंवा गेले, तर आपल्याकडे दोष आधी आईच्या पदरात पडतो. तिने पपई खाल्ली, जड उचलले, ग्रहणात बाहेर गेली. त्या यादीत आता ‘दात नीट घासले नाहीत’ याची भर घालण्याचा कुणालाही अधिकार नाही. विज्ञान तसे म्हणत नाही.

मग करायचे काय?

वरच्या चाचण्यांनी एक गोष्ट ठामपणे सिद्ध केली. गरोदरपणात स्केलिंग व हिरड्यांचे उपचार सुरक्षित आहेत आणि त्याने हिरड्या सुधारतात. ‘बाळ होईपर्यंत दाताला हात लावू नका’ हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. पण दुखणे किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात दंतवैद्याकडे जावे आणि आपण गरोदर आहोत हे आधी सांगावे. जागा बधिर करण्याचे नेहमीचे इंजेक्शन चालते. मेडिकलमधून आपल्या मनाने प्रतिजैविके किंवा वेदनाशामक गोळ्या घेणे मात्र टाळावे.

हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश करणे सोडू नये. थर साचू दिला तर रक्त वाढतेच. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना, एवढे पुरे. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. ग्रामीण महाराष्ट्रात अजूनही अनेक बायका मशेरी लावतात, गरोदरपणातही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. ती हिरड्यांनाही वाईट आणि बाळालाही. तिचा त्याग हा या यादीतला सगळ्यात मोठा फायदा.

इतरांसाठीही निरोप साधाच आहे. हिरड्यांतून रक्त येणे म्हणजे कर्करोगाची चाहूल नव्हे, घाबरून जाऊ नये. पण शौचातून रक्त पडत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती औषध करू नये. तपासून घ्यावे.

एका शास्त्रज्ञाने एका दुर्लक्षित जिवाणूमागे दोन दशके घालवली, तेव्हा हिरडी, वार आणि आतडे यांना जोडणारी ही वाट दिसली. ती बंद कशी करायची याचे पक्के उत्तर अजून हाती यायचे आहे. तोवर जे हाती आहे ते तरी करता येईल. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब पाहता पाहता ‘हिरड्यांतून रक्त येते का?’ एवढे विचारायला यंत्र लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. उत्तर ‘हो’ आले, तर त्या बाईच्या हातात दंतविभागाची चिठ्ठी द्यावी. आणि कुणी विचारले नाही, तर तिने स्वतःहून सांगावे.